तिसऱ्यांचा अर्ज

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात मी लागले टायपिस्ट म्हणून आणि निवृत्त झाले वरिष्ठ लिपिक म्हणून. मधल्या काळात बरीच टेबलं फिरले, पण लोक मला ओळखतात ते संशोधनाच्या टेबलामुळे. रस्त्यात आजही एखादा टक्कल पडलेला प्राध्यापक थांबतो आणि म्हणतो, "साळवीबाई, माझा अर्ज तुम्ही केला होतात." अर्ज त्यानंच केलेला असतो. मी टाइप केलेला, पानं लावलेली, शिक्के मारलेले आणि शेवटच्या तारखेच्या आत दिल्लीला पोचवलेला असतो. पण तो तसं म्हणतो, आणि मी ते खोडून काढत नाही.

हे काम काय असतं ते आधी सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते कधी कळलं नाही. जीवशास्त्रात पीएचडी झाली म्हणजे माणूस मार्गी लागला असं आपल्याला वाटतं. पण प्राध्यापकाच्या जागा निघतात कधीमधी, आणि डॉक्टरेट झालेली मुलं दर वर्षी तयार होतात. मधल्या काळात त्यांनी काय करायचं? तर सरकारी खात्यांकडे आणि काही संस्थांकडे अर्ज करायचा, की मला असा असा प्रश्न पडला आहे, तो सोडवायला दोनतीन वर्षं लागतील, तेवढा काळ मला पाठ्यवृत्ती द्या. तिला पोस्टडॉक्टरल फेलोशिप म्हणतात. ती नोकरी नव्हे आणि शिक्षणही नव्हे. माझ्या बहिणीला मी सांगितलं होतं की साखरपुडा झालाय पण तारीख ठरत नाही, असे दिवस असतात ते. ती म्हणाली, "म्हणजे वाईटच की." वाईट नव्हे, पण नाजूक खरे.

अर्ज सहा प्रतींत जायचा. तुम्ही कोण, काय करणार, कसं करणार, कोणाच्या देखरेखीखाली करणार, हे सगळं त्यात. मार्गदर्शकाचं संमतिपत्र वेगळं. तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जाणत्यांची शिफारसपत्रं वेगळी. संस्थेच्या प्रमुखाचं प्रमाणपत्र वेगळं, की हो, या माणसाला आम्ही जागा, पाणी, वीज आणि सूक्ष्मदर्शक देऊ. आणि एका पानावर सगळ्या कामाचा सारांश, शास्त्रज्ञ नसलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत. या एका पानानं भल्याभल्यांना घाम फोडलेला मी पाहिला आहे.

अठ्ठ्याण्णव साली ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि तो कोणी शिकायचा यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले, तेव्हा मी हात वर केला. तेव्हापासून हे अर्ज माझ्याकडे आले. प्राण्यांची लॅटिन नावं तिरक्या टाइपात घ्यायची, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसऱ्या शब्दाचं लहान, हे मी पहिल्याच महिन्यात शिकले. पुढे तर एका विभागप्रमुखांनी खेकड्याचं नाव चुकवलं होतं ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप दुरुस्त केलं. तो दिवस मी अजून विसरलेले नाही.

सारांशाच्या पानाची युक्ती मला सापडली ती डॉ. अनंत जागुष्टेमुळे. अनंत देवरूखकडचा. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे आपल्या कातळाच्या मोकळ्या माळावर, पाण्याची डबकी साठतात. त्यातल्या बेडकांवर त्याचं काम. त्यानं आणलेल्या सारांशात पहिलं वाक्यच नऊ ओळींचं होतं. मी टाइप करता करता थांबले.

"हे मला कळलं नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला कळायची गरज नाही, बाई. तुम्ही जसंच्या तसं घ्या."

"कळलं तर चुका कमी होतात."

तो जरा वैतागला. पण खुर्ची ओढून बसला आणि सांगू लागला. सड्यावरचं डबकं कधी आटेल याचा भरवसा नसतो. बेडकी अंडी घालते तेव्हा ती डबकं निवडते. उथळ डबक्यात खायला उठणारे शत्रू कमी, पण ते लवकर आटतं. खोल डबकं टिकतं, पण तिथं खाणारे फार. तर बेडकी कसं ठरवते?

"मग हेच लिहा ना," मी म्हटलं.

"इतकं सोपं लिहिलं तर त्यांना वाटेल, याला काही येत नाही."

"आत्ता मला वाटत होतं तसं. आता वाटत नाही."

त्यानं ते तसं लिहिलं. तेव्हापासून माझा नियम झाला. सारांश आधी तोंडी मला सांगायचा, मग लिहायचा. माझा उपयोग एवढाच, की मला जीवशास्त्र येत नव्हतं.

त्याच वर्षी वंदना डोर्लेकरचा अर्जही माझ्याकडे होता, आणि मला खरं सांगायचं आहे ते तिच्याबद्दल.

वंदना पूर्णगडची. वडील मासेमारीच्या होडीवर, आई खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढून बाजारात विकायची. त्या तिसऱ्यांवरच वंदनानं आमच्या कॉलेजातून पीएचडी केली. मुलगी बोलायला कमी, कामाला पक्की. तिला मी कधी घाई करताना पाहिलं नाही. पण वयाची अट होती. पस्तीस पूर्ण व्हायच्या आत अर्ज यायला हवा. तिच्याकडे ते वर्ष आणि त्याच्या पुढचं वर्ष, एवढंच उरलं होतं. ती तेव्हा गावाजवळच्या शाळेत तासिकेवर शिकवत होती आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं रत्नागिरीला येऊन प्रयोगशाळेत बसत होती.

अनंतचा आणि तिचा अर्ज एकाच दिवशी तयार झाला. दोघांचीही प्रमाणपत्रं प्राचार्यांकडून एकाच गठ्ठ्यात सही होऊन आली. दुपारी वीज गेली होती, पंखे बंद, खिडक्या उघड्या, आणि मी टेबलावर बारा प्रती आणि ऑफिसात ठेवायच्या दोन मांडून पानं लावत होते. शेवटची गाडी पकडायची म्हणून वंदना दोनदा घड्याळाकडे बघून गेली. मी तिला म्हटलं, "तू जा, मी आहे ना."

तीनेक महिन्यांनी दिल्लीहून दोन पत्रं आली. अनंतला मुलाखतीचं बोलावणं. वंदनाला तिचा अर्ज साभार परत. मूळ प्रतीत संस्थाप्रमुखांचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही, अपूर्ण अर्ज विचारात घेता येत नाही.

वंदना पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आली. "बाई, माझंच चुकलं असणार," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी मी घाई केली. तुम्हाला त्रास झाला."

ती गेल्यावर मी कपाट उघडून अनंतच्या अर्जाची ऑफिस प्रत काढली. शेवटून दुसऱ्या पानावर अनंतचं प्रमाणपत्र होतं. त्याच्या मागे वंदनाचं होतं, प्राचार्यांच्या निळ्या शाईच्या सहीसकट. दोन्ही कागद एकमेकांना चिकटून गेले होते.

हेडक्लार्कना मी दाखवलं. ते चांगले गृहस्थ होते, कोणाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही. ते म्हणाले, "पोस्टात गहाळ झालं म्हणायचं. तिनं काही विचारलेलं नाही ना? मग मिटलं."

आणि मी आठ दिवस मिटवून ठेवलं. ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिलेली नाही. ते पान चुकून गेलं, त्याला मी चूक म्हणेन. ते आठ दिवस मी जाणूनबुजून गप्प बसले. तिसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली होती, परत आलेल्या प्रती घ्यायला. मी तिला त्या दिल्या, चहा विचारला, आणि काही बोलले नाही.

आठव्या दिवशी रविवार होता. मी सकाळच्या एसटीनं पूर्णगडला गेले. किल्ल्याखालच्या वस्तीत तिचं घर विचारत पोचले. तिची आई ओटीवर बसून तिसऱ्या निवडत होती, एकेक वाजवून बघत होती. मेलेल्या तिसरीचा आवाज पोकळ येतो.

"कॉलेजातल्या बाई काय? कशाला आलात ओ एवढ्या उन्हाच्या? बसा," ती म्हणाली आणि आत हाक मारली. "वंदे, कोण आलाय बघ."

वंदना बाहेर आली. मी उभ्यानंच सांगितलं. पान कुठे सापडलं, कधी सापडलं, सगळं. पिशवीतून तो कागद काढून तिच्या हातात दिला.

तिनं तो वाचला. बराच वेळ वाचला, जणू त्यात आणखी काही लिहिलेलं असेल. मग म्हणाली, "कधी सापडलं म्हणालात?"

"पत्र आलं त्याच दिवशी."

"म्हणजे मी प्रती न्यायला आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"पान चुकतं, बाई. माझ्या प्रबंधातसुद्धा चुकलं होतं. पण मी रोज रात्री आठवत होते की मी कुठे चुकले. ते तुम्ही मला आठवू दिलंत."

तिनं कागद ओटीच्या कठड्यावर ठेवला, चपला घातल्या आणि खाडीच्या दिशेनं चालू लागली. मी तिच्यामागे जायला निघाले तर आईनं मला हातानं थांबवलं.

"जाव दे. ती रागावली काय खाडीवर जाते. लहानपणापासना तसाच हाय. तुम्ही च्या घ्या."

मला चहा नको होता, पण नाही म्हणायचं तोंडही नव्हतं. मी बसले. काकी, म्हणजे वंदनाची आई, पुन्हा तिसऱ्या वाजवू लागल्या. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "पावसाळ्यात तिसऱ्या मरतात असं वंदनाच्या प्रबंधात मी टाइप केलंय. खरं का हो?"

"मरतात तर. खाडीत गोडा पानी उतरला का मरतात. पन सगळ्या नाय. वरच्या अंगाला मरतात, मुखाकडच्या ऱ्हातात."

"समुद्राचं खारं पाणी जवळ म्हणून?"

"आता ता काय मला ठावं? जागा बरी म्हणून ऱ्हातात, काय तिसरीच कडक जातीची, ता हिला इचारा. एवढी शिकवली कशाला मग?"

परतीच्या गाडीत मला ते बोलणं सोडेना. वर्षभर मी वंदनाचे कागद टाइप करत होते. खारेपणाचे तक्ते होते, महिन्यांचे आलेख होते. पण हा प्रश्न, जागा चांगली की जात चांगली, इतका सरळ कुठेच नव्हता. घरी आल्यावर मी तो एका कागदावर लिहून ठेवला.

पंधरा दिवस वंदना आली नाही. मग एका शनिवारी आली आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत न विचारता बसली, जे ती कधी करत नसे.

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचाय," ती म्हणाली. "टाइप तुम्हीच करा. पानं मी लावणार."

"बरं," मी म्हटलं. आणि तो कागद तिच्यापुढे केला.

तिनं वाचला आणि पहिल्यांदा जराशी हसली. "हे आये मला पाचवीत असल्यापासून सांगत्ये."

"मग प्रबंधात का नाही?"

"संदर्भ काय देणार? आमची आये, ओटीवर, तिसऱ्या निवडताना?" मग म्हणाली, "पण प्रश्न खरा आहे. मुखाकडच्या तिसऱ्या उचलून वर ठेवायच्या आणि वरच्या मुखाकडे आणून ठेवायच्या. पावसाळा जाऊ द्यायचा. कोण जगतं ते बघायचं. जात कडक असेल तर मुखाकडच्या कुठेही जगतील."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, जात."

तिच्या नव्या अर्जाचा सारांश मी ऐकायच्या आधीच मला कळला होता. माझा नियम तिथे निकामी झाला.

पुढच्या वर्षी अर्जाची वेळ आली तेव्हा सगळं जमलं, फक्त एक शिफारसपत्र येईना. ते शेवडे सरांचं. सर वंदनाचे पीएचडीचे मार्गदर्शक. निवृत्तीनंतर राजापूरला आपल्या घरी राहायला गेलेले. वंदनानं फोन केला, सर म्हणाले, "पाठवतो." मीही दोनदा केला, दोन्ही वेळा, "पाठवतो." तिसऱ्यांदा ते जरा चिडून म्हणाले, "पाठवतो म्हटलं ना." वंदनाचा जीव वरखाली होत होता. "सरांना माझं काम आवडलेलं नाही," ती म्हणाली. "शेवटच्या वर्षी आमचं वाजलं होतं. मी त्यांच्या विरुद्ध गेले होते."

"मी जाऊन येते," मी म्हटलं.

"तुम्ही कशाला?"

मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. 

राजापूरला सरांचं घर नदीच्या वरच्या अंगाला, अंगणात काजूची दोन झाडं. सर एकटेच होते. मला बघून त्यांना आनंद झाला असं दिसलं नाही. पाणी दिलं तेव्हा भांडं ताटलीवर खडखडलं आणि अर्धं पाणी सांडलं. त्यांनी ताटली पटकन खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले, शाळेतली मुलं घेतात तसे. मग मला कळलं.

टेबलावर चुरगळलेल्या कागदांचा ढीग होता. प्रत्येक कागदावर दोनतीन ओळी, कोंबडीच्या पायांसारखी अक्षरं, आणि काट.

"सर, कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं. कोणाला सांगू नका." मग म्हणाले, "तिला वाटत असेल की मी अडवतोय."

"तिला वाटतंय, तुम्ही नाराज आहात."

"नाराज?" ते हसले. "साळवीबाई, कागद घ्या."

मी पर्समधून पेन काढलं. ते डोळे मिटून सांगू लागले आणि मी लिहू लागले. किती वर्षं ओळखतो, काय काम केलं, सगळं रीतसर. मग ते थांबले. "आता पुढचं वाक्य नीट लिहा. मी अनेक वर्षं असं मानत आलो की खाडीतल्या तिसऱ्या पावसाळ्यात गाळाखाली गाडल्या गेल्यानं मरतात. मी ते छापलंही. या मुलीनं ते चूक ठरवलं. मी दोन वर्षं तिच्याशी वाद घातला. ती बरोबर होती."

मी पेन थांबवलं. "सर, हे शिफारसपत्रात घालायचं?"

"मग शिफारस आणखी कशाला म्हणतात?"

त्यांनी सांगितलं तसं मी रत्नागिरीला जाऊन टाइप करून आणायचं ठरवत होते, पण तारीख जवळ होती. शेवटी राजापूर स्टँडजवळच्या टायपिंगच्या दुकानात मी स्वतः बसून ते इंग्रजीत केलं आणि परत सरांकडे आले. सही करताना त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. पहिली सही बिघडली. दुसरी प्रत घेतली, तीही बिघडली. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "मी कागद धरू का?" ते नाही म्हणाले नाहीत. मी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि त्यांनी सही केली. ती वाकडीतिकडी होती, पण त्यांची होती.

मी ते पत्र वंदनाला दिलं. ते बंद पाकिटात जायचं असतं, उमेदवारानं वाचायचं नसतं. हा नियम मी त्या दिवशी मोडला. तिनं ते वाचलं, पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं, आणि प्रयोगशाळेत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

सहा प्रती तिनं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या जमिनीवर मांडल्या. पानं तिनं लावली, मी फक्त मोजली. मग तिनं मला पुन्हा मोजायला सांगितलं. मी मोजली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आता मी मोजते," आणि आम्ही दोघी हसलो. वर्षभरानं हसलो.

मुलाखत दिल्लीला झाली. ती कशी झाली ते तिनं आल्यावर सांगितलं. पाच माणसं समोर. त्यातल्या एकानं सरांचं पत्र उचलून विचारलं, तुमच्या गुरूंना तुम्ही खोटं पाडलंत ते कसं? तिनं फळ्यावर काढून दाखवलं. दुसऱ्यानं विचारलं, हा नवा प्रश्न तुम्हाला कुठे सुचला? 

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, माझी आई तिसऱ्या काढते. हा प्रश्न तिचा आहे. आणि कॉलेजातल्या क्लार्कबाईंनी तो लिहून ठेवला."

"ते हसले असतील."

"एक बाई हसल्या. पण त्यांनी लिहून घेतलं."

फेलोशिप मिळाली. दिल्लीहून आलेलं पाकीट मी फोडलं नाही, ती येईपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवलं. हेडक्लार्क म्हणाले, "फोडा हो, आपल्याच कॉलेजचं आहे." मी म्हटलं, "नाही, तिचं आहे."

कामाला लागणाऱ्या वस्तूंची यादी खात्याला पाठवायची होती, त्यात वंदनानं 'नेलपॉलिश, रंगहीन' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, हे दिल्लीला बरं दिसणार नाही. आम्ही दोघींनी विचार करून 'पारदर्शक संरक्षक लेप' असं केलं. मंजूर झालं. त्याचा उपयोग असा, की तिसरीच्या शिंपल्यावर काळ्या शाईनं आकडा लिहायचा आणि वर तो लेप द्यायचा, म्हणजे आकडा पाण्यात टिकतो.

"अक्षर बारीक आणि स्वच्छ हवं," वंदना म्हणाली. "माझं नाहीये. तुम्ही येता?"

मे महिन्यात सुट्टी घेऊन मी पूर्णगडला गेले. इतकी वर्षं मी ज्यांची लॅटिन नावं तिरक्या टाइपात घेतली, ते जीव मी हातात धरले नव्हते. खायला ताटात येतात तेवढंच. सुकती लागली होती, खाडीचं पाणी उतरून वाळूचे पट्टे उघडे पडले होते. काकी आणि आणखी तिघी बायका पायानं चाचपून तिसऱ्या काढत होत्या, मी होडीच्या फळीवर बसून एकेक पुसून आकडा लिहीत होते. मुखाकडच्यांना तांबडा ठिपका, वरच्यांना निळा. संध्याकाळपर्यंत पाठ मोडून आली.

"आता ह्यांचीपन हजेरी घेनार काय?" काकी म्हणाल्या.

"घेणार," मी म्हटलं. "ऑफिसात दुसरं काय करते?"

निम्म्या तिसऱ्या जाळीच्या टोपल्यांत घालून खाडीच्या वरच्या अंगाला रोवल्या, निम्म्या मुखाशी. प्रत्येक टोपलीत दोन्हीकडच्या. मग पावसाळा सुरू झाला आणि मी माझ्या टेबलावर परत आले.

पुढचं थोडक्यात सांगते. वंदना आज दुसऱ्या राज्यात एका मत्स्यसंस्थेत आहे. तिला तिथे पक्की नोकरी लागायला फेलोशिपनंतर बरीच वर्षं गेली, त्यात तिला पुन्हा शाळेत तासिकेवरही शिकवावं लागलं. अर्ज मंजूर झाला म्हणजे माणूस मार्गी लागला, असं मलाही एके काळी वाटायचं, आता वाटत नाही. अनंत देवरूखला शिकवतो. शेवडे सरांचे हात पुढे फार बिघडले, पण वंदनाचा पहिला लेख छापून आला तेव्हा तो त्यांनी मला फोनवर अर्धा वाचून दाखवला, चुका काढत काढत.

पण टोपल्यांचं सांगायचं राहिलं. त्याच वर्षी गणपती झाल्यावर, पाणी निवळलं तेव्हा टोपल्या उचलायचा दिवस ठरला. वंदनानं मला पुन्हा बोलावलं. होडीत आम्ही तिघी, वंदना, काकी आणि मी. वही माझ्याकडे. वंदना टोपली उघडून एकेक तिसरी काढी, आकडा वाची, मी त्याच्यापुढे 'जिवंत' किंवा 'मृत' लिही. मुखाकडच्या टोपल्या आधी. तिथे बहुतेक सगळ्या जिवंत. तांबड्या ठिपक्याच्याही आणि निळ्याही.

वरच्या अंगाच्या टोपल्या उचलल्या तर वास आला. शिंपले उघडे पडलेले, आत काही नाही. तांबड्या ठिपक्याच्या मेल्या होत्या, निळ्याही मेल्या होत्या. पाच टोपल्या झाल्या तरी मी 'मृत'च लिहीत होते. वंदना वाचता वाचता थांबली.

"जात नाही," ती म्हणाली. "जागा. अर्जात मी उलटं लिहिलं होतं."

"मग आता? दिल्लीवाले रागावतील काय गो?" काकींनी विचारलं. त्यांना खरंच काळजी वाटत होती.

"नाही, आये. त्यांनी जे विचारायला पाठवलं ते कळलं, झालं. उत्तर माझ्या बाजूनं यायला हवं असं कुठे लिहिलेलं नसतं." ती हे सांगत असताना तिचा चेहरा पडलेला नव्हता. दोनेक वर्षांपूर्वी ओटीवर मी पाहिलेला चेहरा वेगळा होता.

शेवटची टोपली राहिली होती. तीही तशीच. मी 'मृत' लिहून लिहून आता आकडा ऐकायच्या आधीच 'मृ' लिहायला लागले होते. तेवढ्यात वंदना म्हणाली, "एकशे सत्तेचाळीस. थांबा."

तिसरी मिटलेली होती. काकींनी ती घेऊन दुसऱ्या शिंपल्यावर वाजवली. आवाज भरीव आला. निळा ठिपका, वर माझा आकडा, शाई जराही उडाली नव्हती. आजूबाजूच्या सगळ्या मेल्या, आणि ही एकटी.

"ही कशी काय ऱ्हायली?" काकी म्हणाल्या.

वंदनानं ती तळहातावर घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि वाकून पाण्यात, होती त्याच जागी परत ठेवली. मी वहीत 'मृ' खोडून 'जिवंत' लिहिलं. पुढचा रकाना कारणाचा होता. मी तिच्याकडे बघितलं.

"काय लिहू?"

"मोकळा ठेवा, बाई."

ऑफिसात रकाना मोकळा राहिला तर अर्ज परत येतो. मी तो मोकळा ठेवला आणि वही मिटली.